४४ टक्के की ३ टक्के? लंडनच्या ‘युलेझ’वरचा एक पेपर वाचताना

दोन आकडे आधी वहीत लिहून घ्या: ४४ आणि ३.

पहिला आकडा लंडनच्या महापौर कार्यालयाच्या अहवालातला आहे. लंडनच्या मध्यभागात ‘अल्ट्रा लो एमिशन झोन’, ज्याला तिथे सगळे नुसतं ‘युलेझ’ म्हणतात, तो ८ एप्रिल २०१९ ला सुरू झाला. साधारण दहा महिन्यांनंतरचा हिशोब मांडताना अहवालात म्हटलं होतं की झोनमधल्या रस्त्यांच्या कडेला मोजलेलं नायट्रोजन डायऑक्साइड ४४ टक्क्यांनी घटलं. दुसरा आकडा इंपीरियल कॉलेजमधल्या लियांग मा, डॅनियल ग्रॅहम आणि मार्क स्टेटलर यांच्या पेपरमधला. हा पेपर नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च लेटर्स’मध्ये आला. त्याच झोनमुळे त्याच वायूत झालेली सरासरी घट त्यांना ३ टक्क्यांहूनही कमी दिसली. ओझोन आणि पीएम २.५ च्या बाबतीत तर दखल घ्यावी असं काही सापडलं नाही.

शहर एक, झोन एक, वायूही एकच. मग कोणीतरी खोटं बोलतंय का?

संशोधनाच्या तयारीत असताना असे दोन आकडे समोर आले की आपण पटकन एकाची बाजू घेतो, आणि बहुतेक वेळा ती जर्नलची असते. सरकारी अहवाल म्हणजे जाहिरात, पीअर रिव्ह्यू झालेला पेपर म्हणजे सत्य, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. मीही तेच केलं होतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी आमच्या जर्नल क्लबमध्ये हा पेपर मी मोठ्या उत्साहानं मांडला. शेवटच्या स्लाइडवर ‘धोरणाचा फुगा फुटला’ असं काहीतरी लिहिलेलं होतं (ती फाइल मी नंतर डिलीट केली). मागच्या रांगेतल्या एका सीनियर ताईनं एकच विचारलं, “८ एप्रिलला नेमकं काय बदललं?” मी म्हटलं, चार्ज सुरू झाला. ती म्हणाली, “ते कळलं. गाड्या कधी बदलल्या?”

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी नियम काय होता ते पाहू. गाडी ठरलेल्या मानकात बसत नसेल तर झोनमध्ये आणलेल्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पौंड भरायचे. पेट्रोलसाठी मानक युरो ४, डिझेलसाठी युरो ६. आपल्याकडचं बीएस-सहा, जे एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालं, ते साधारण या युरो ६ च्या जवळ जाणारं. म्हणजे तिथे बऱ्यापैकी जुनी पेट्रोल गाडी चालत होती, पण २०१३-१४ ची डिझेल गाडी अडकत होती. रस्त्यावर कॅमेरे लावलेले, ते नंबरप्लेट वाचतात. नाक्यावर थांबवणं नाही, पावती फाडणं नाही. सुरुवातीला झोनची हद्द जुन्या ‘कंजेशन चार्ज’ची, म्हणजे शहराचा अगदी मधला भाग. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर रस्त्यांपर्यंत गेली आणि २९ ऑगस्ट २०२३ ला सगळं ग्रेटर लंडन आत आलं.

आता पेपर. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते आणि ती शिकण्यासारखी आहे. हवेतलं प्रदूषण मोजताना सगळ्यात जास्त गोंधळ हवामान घालतं. वारा सुटला की रस्त्यावर गाड्या तेवढ्याच असूनही आकडा खाली येतो. थंडीत हवेचा खालचा थर जमिनीलगत दबून राहतो, मग तेवढाच धूर जास्त दाट होतो. म्हणून मार्चची मोजणी आणि मेची मोजणी सरळ शेजारी ठेवून फरक काढला तर तुम्ही धोरण मोजत नसता, ऋतू मोजत असता. मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी मशीन लर्निंगच्या मॉडेलनं हवामानाचा परिणाम वजा केला आणि उरलेल्या मालिकेवर पुढचं काम केलं. यात त्यांनी कष्ट घेतलेत हे दिसतं. आपल्याकडच्या अनेक प्रबंधांत ही पायरीच गाळलेली असते आणि तरी निष्कर्ष ठणकावून सांगितलेला असतो.

पुढची पद्धत अशी. ज्या तारखेला धोरण सुरू झालं त्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर पाहायचं. इतक्या कमी काळात लोकसंख्या, अर्थव्यवस्था, रस्त्यांचं जाळं, यातलं काहीच फारसं बदलत नाही. त्यामुळे आलेखात त्या तारखेपाशी पायरी दिसली तर ती धोरणाची. यालाच रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. लेखकांनी ८ एप्रिलचाच हट्ट धरला नाही, बदल एक-दोन आठवडे मागेपुढे झाला असेल तर तोही पकडायचा प्रयत्न केला. त्यांनी निवडलेली खिडकी २५ फेब्रुवारी ते २० मे २०१९, म्हणजे बारा आठवड्यांची. पद्धत स्वच्छ आहे, आणि त्यांनी ती नीट वापरली.

अडचण अशी की ही पद्धत पायरी शोधते, आणि युलेझ हा बहुतांशी उतार होता.

हे समजायला लंडनला जायची गरज नाही. महाराष्ट्रातली प्लास्टिकबंदी आठवा. अधिसूचना निघाली २३ मार्च २०१८ ला आणि दंड सुरू झाला २३ जूनला. मध्ये तीन महिने. समजा तुम्ही २३ जूनच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा मंडईत उभं राहून पिशव्या मोजल्या असत्या, तर काय मोजलं असतं? ज्यांनी मे महिन्यातच कापडी पिशवी धरली, ज्या दुकानदारानं नवी ऑर्डर द्यायचं थांबवलं, ते सगळे तुमच्या ‘आधी’च्या आठवड्यात शहाण्यासारखे उभे असते. तुमच्या हाती लागले असते फक्त शेवटच्या दिवसापर्यंत थांबलेले लोक. मग त्या फरकाला ‘बंदीचा परिणाम’ म्हणायचं का?

लंडनमध्ये हा मधला काळ तीन महिन्यांचा नव्हता, दोन वर्षांहून मोठा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये जुन्या गाड्यांवर जादा शुल्क लावायचं जाहीर झालं, ऑक्टोबर २०१७ पासून ते सुरूही झालं. त्याचं नाव टी-चार्ज. युलेझ येणार हे तोवर सगळ्यांना माहीत होतं. आता शहराच्याच कॅमेऱ्यांनी टिपलेले आकडे बघा. मध्य भागात येणाऱ्या गाड्यांपैकी युलेझच्या मानकात बसणाऱ्या गाड्या फेब्रुवारी २०१७ मध्ये ३९ टक्के होत्या. मार्च २०१९ मध्ये, म्हणजे झोन सुरू व्हायच्या आदल्या महिन्यात, त्या ६१ टक्के झाल्या होत्या. सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात ७० च्या पुढे आणि सहा महिन्यांत तीन-चतुर्थांशाच्या आसपास.

हे हळू वाचा. ३९ वरून ७५ म्हणजे ३६ टक्के-बिंदूंचा प्रवास. त्यातले २२ उद्घाटनाच्या आधीच झाले. बारा आठवड्यांच्या खिडकीत सापडले ते फक्त शेवटचे दहा-बारा. म्हणजे पायरी होती, पण ती एका लांब उताराच्या टोकाशी असलेली छोटी पायरी. पेपरनं ती छोटी पायरी मोजली, आणि शीर्षकात विचारलं की युलेझमुळे लंडनची हवा सुधारली का. हा प्रश्न त्या खिडकीपेक्षा बराच मोठा आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी पहिल्या वाचनात पूर्णपणे चुकवली होती: जागा. ३ टक्क्यांहून कमी हा आकडा लंडनभरच्या मोजणी केंद्रांची सरासरी आहे. झोन मात्र तेव्हा शहराच्या मधल्या छोट्या भागापुरता होता. महापौरांचा ४४ हा त्या छोट्या भागातल्या रस्त्याकडेच्या केंद्रांचा. पेपरमध्येच सांगितलंय की एकेका केंद्रावरचा नायट्रोजन डायऑक्साइडचा बदल उणे ९ ते अधिक ६ टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. सरासरीत हा सगळा पसारा बुडून जातो. पातेल्याच्या मध्ये चमचाभर मीठ टाकून सगळ्या पातेल्याची चव सांगण्यासारखं हे आहे. सांगता येतं, चूक नाही, पण मीठ कमी पडलं की ते ढवळलंच गेलं नाही, हे त्यातून कळत नाही.

तर दोन आकड्यांमध्ये काळ वेगळा, जागा वेगळी, आणि कशाशी तुलना करायची तेही वेगळं. एकमेकांना खोडणारे वाटले तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

मग पेपर वाईट आहे का? अजिबात नाही. माझी तक्रार त्यातल्या आकड्याविषयी नाही, आकड्यावरून त्यांनी मारलेल्या उडीविषयी आहे. लेखक शेवटी म्हणतात की असा झोन एकटा पुरेसा प्रभावी नाही, अनेक उपाय एकत्र करावे लागतात. दुसरा भाग मला पटतो. पहिला भाग बारा आठवड्यांच्या खिडकीतून निघत नाही. त्यांनीच नोंदवलंय की लंडनच्या हवेतली मोठी सुधारणा युलेझ सुरू व्हायच्या आधी झाली होती. आता हेच वाक्य घेऊन एक वाचक म्हणेल, बघा, युलेझशिवायच सुधारणा होत होती. दुसरा म्हणेल, बघा, युलेझ येणार म्हणून सुधारणा होत होती. पेपरमधल्या डेटावरून या दोघांमध्ये निवाडा करता येत नाही. शीर्षक ‘युलेझ सुरू होण्याच्या आठवड्यांत हवा किती बदलली?’ असं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. पण मग तो पेपर इतका गाजलाही नसता, हे खरं.

आता दुसऱ्या बाजूला वळू. अहवालालाही मी सोडणार नाही.

४४ टक्के हा आकडा फेब्रुवारी २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंतच्या घटीचा. लॉकडाउन लागायच्या आधीचा, ही जमेची बाजू. पण तीन वर्षांत रस्त्यावरच्या गाड्या अशाही बदलतातच. जुनी गाडी मोडीत निघते, नवी येते, नवी बहुधा स्वच्छ असते. यासाठी कुठल्याही झोनची गरज नसते. मघाशी मी जे २२ टक्के-बिंदू झोनच्या खात्यात टाकायला निघालो होतो, त्यातलेही काही याच नैसर्गिक अदलाबदलीचे आहेत. म्हणून अहवालात आणखी एक आकडा आहे, ३७ टक्के. युलेझ नसतं तर काय झालं असतं याचा अंदाज बांधून, त्या अंदाजाशी केलेली ही तुलना. संशोधनाच्या दृष्टीनं कामाचा आकडा हाच. बातम्यांत फिरला तो ४४.

तो अंदाज बांधला कसा? ढोबळ मानानं असा: झोनच्या बाहेर, शहराच्या कडेच्या भागात हवा ज्या वेगानं सुधारली त्याच वेगानं मध्य भागातही ती सुधारली असती, असं धरलं. आकर्षक कल्पना आहे. बाहेरचा भाग म्हणजे आपला कंट्रोल ग्रुप. पण थोडं थांबून विचार करा. क्रॉयडनमध्ये राहणाऱ्या माणसानं मध्य लंडनला जाता यावं म्हणून नवी गाडी घेतली, तर ती गाडी उरलेला वेळ कुठे फिरते? क्रॉयडनमध्येच. म्हणजे औषधाचा अंश कंट्रोल ग्रुपच्या रक्तातही गेला. यामुळे परिणाम असेल त्याहून कमी दिसेल. आता उलटं बघा. मध्य भागात बसगाड्या खूप, आणि शहरानं त्याच काळात बसचा ताफा झपाट्यानं बदलला. २०१७ मध्ये पटनी हाय स्ट्रीटवर फक्त स्वच्छ बस सोडायचा पहिला पट्टा सुरू झाला, मग इतर रस्त्यांवर. मध्य भागातल्या बसही युरो ६ च्या झाल्या. त्यामुळे मध्य भागातली सुधारणा बाहेरच्यापेक्षा वेगवान दिसते, पण तिचं श्रेय साडेबारा पौंडांच्या चार्जला द्यायचं का? बस तर महापालिकेच्याच यंत्रणेच्या, त्यांनी चार्जच्या भीतीनं थोड्याच बदलल्या! यामुळे परिणाम असेल त्याहून जास्त दिसेल. एक चूक खाली ओढते, दुसरी वर. दोन्ही एकमेकींना फेडतील असं धरणं म्हणजे नशिबावर सोडणं झालं.

इथे खरा प्रश्न आकडेमोडीचा उरतच नाही. ‘युलेझ’ म्हणजे नेमकं काय मोजायचं हा आहे. फक्त चार्ज? की चार्ज, त्याची दोन वर्षं आधीची घोषणा, टी-चार्ज आणि बस मिळून सगळं? मा आणि मंडळींनी पहिल्याचा शेवटचा तुकडा मोजला. महापौर कार्यालयानं सगळी थाळी मोजली आणि तिला एका भाजीचं नाव दिलं.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? त्याचं कारण सांगतो. साउथ सर्क्युलर हा दक्षिण लंडनमधला गजबजलेला रस्ता. त्याच्या जवळ, लुइशममध्ये, एला अडू-किसी-डेब्रा नावाची मुलगी राहायची. तिला तीव्र दमा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्यांदा झालेल्या चौकशीत तिच्या मृत्यूला वायुप्रदूषण कारणीभूत ठरल्याचा निर्णय नोंदवला गेला. २०२१ ची युलेझची हद्द याच रस्त्यापर्यंत आली, आणि रस्ता स्वतः हद्दीबाहेर राहिला. २०२३ मध्ये झोन सगळ्या शहरात न्यायचं ठरलं तेव्हा विरोधकांच्या हातात ‘३ टक्के’ होता आणि समर्थकांच्या हातात मोठे आकडे. कुठला रस्ता आत आणि कुठला बाहेर, हे ठरवताना असे आकडे टेबलावर ठेवले जातात. ज्या सुताराची जुनी डिझेल व्हॅन त्याच्या पोटापाण्याची आहे, त्याच्याकडून रोज साडेबारा पौंड घ्यायचे की नाही, हेही. आकडा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर असेल तर एकतर मुलांना धूर मिळतो किंवा सुताराला उगाच भुर्दंड.

‘झोननं काही होत नाही’ असं सांगताना जर्मनीचीही साक्ष काढली जाते, म्हणून तिकडे थोडं बघू. बर्लिन, कोलोन, हॅनोव्हर इथे जानेवारी २००८ पासून झोन आहेत. गाडीच्या काचेवर लाल, पिवळा किंवा हिरवा स्टिकर, आणि झोनच्या पायरीप्रमाणे प्रवेश. हेंड्रिक वोल्फ यांच्या २०१४ च्या पेपरमध्ये झोन असलेल्या शहरांच्या वाहतुकीच्या ठिकाणी पीएम १० साधारण ९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. त्याच वर्षी मोरफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १७ जर्मन शहरांवर काम केलं, तर नायट्रोजन डायऑक्साइडमधली घट ४ टक्क्यांच्या वर जाईना. पुन्हा विसंगती? नाही. काजळी अडवायला फिल्टर असतो आणि तो रस्त्यावरही काम करतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं तसं नव्हतं. त्या काळातल्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर घाणेरड्या होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागनचं प्रकरण बाहेर आलं आणि हे जगाला कळलं. जुनी डिझेल काढून ‘नवी’ डिझेल आणायला लावणारा झोन नायट्रोजन डायऑक्साइड कमी करणार कसा? तेव्हा झोन फसला असं म्हणण्याआधी, झोननं काय बाहेर ठेवलं आणि त्याच्या जागी काय आत आलं, हे विचारा.

लंडनमधल्या मुलांवरचा एक अभ्यासही याच चष्म्यातून वाचायला हवा. युलेझच्या आधी, २००८ पासून, लंडनमध्ये ट्रक आणि इतर जड वाहनांसाठी साधा ‘लो एमिशन झोन’ होता. इयन मडवे आणि सहकाऱ्यांनी २००९ ते २०१४ या काळात पूर्व लंडनमधल्या २८ प्राथमिक शाळांतली आठ-नऊ वर्षांची २,१६४ मुलं तपासली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये तो पेपर आला. हवेत किंचित सुधारणा दिसली. लहान फुप्फुसं असलेल्या मुलांचं प्रमाण मात्र घटलं नाही. यावरून ‘झोनमुळे आरोग्य सुधारत नाही’ असं मी एका सेमिनारमध्ये ऐकलंय. पण बदल झाला होता तोच वर्षाला घनमीटरमागे एखाद्या मायक्रोग्रॅमचा. तेवढ्यानं फुप्फुस वाढेल अशी अपेक्षा धरणंच चूक. शिवाय सगळ्या शाळा झोनच्या आतल्या, तुलनेला बाहेरची शाळा नाही. पेपर चांगलाच आहे, फक्त त्यातून काय निघत नाही हेही वाचावं लागतं.

आता आपल्याकडे. दरवर्षी कोणीतरी दिल्लीच्या सम-विषम योजनेवर डेझर्टेशन करायचं म्हणून विचारतं. विषय छान आहे. पण पहिली फेरी होती १ ते १५ जानेवारी २०१६, म्हणजे हवा अगदी जमिनीला चिकटलेली असते त्या दिवसांत. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्याशी तुलना केली तर धुकं मोजाल. त्यातून दुचाक्यांना सूट, सीएनजीला सूट, महिला चालकांना सूट. तेव्हा ‘गाड्या निम्म्या झाल्या’ असं धरून पुढे जाणारा प्रबंध पहिल्याच पानावर घसरतो. दिल्लीतच दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी हे झोनच्या जवळ जाणारं प्रकरण आहे, आणि ते गुंतागुंतीचंही तेवढंच आहे. आदेश २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाचा, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, जुलै २०२५ मध्ये पंपावर इंधन नाकारायला सुरुवात आणि थोड्याच दिवसांत ती स्थगित. यातली ‘ती तारीख’ कुठली? मध्ये कितीतरी गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. त्या भंगारात गेल्या नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभ्या राहिल्या. दिल्लीतल्या केंद्रावर ती घट दिसेल, देशाच्या हिशोबात दिसणार नाही. वोल्फ यांच्या पेपरच्या शीर्षकातली गंमत इथे आठवते: तुमचा खटारा उपनगरातच ठेवा, असं त्यांनी म्हटलंय.

आणि उद्या पुण्यात कोणी लक्ष्मी रोड आणि भोवतालच्या पेठांसाठी असा झोन सुचवला, तर? गाइडकडे प्रपोजल घेऊन जायच्या आधी नकाशा उघडा आणि त्या हद्दीच्या आत वर्षभर सतत मोजणारं केंद्र आहे का ते बघा. ‘सफर’ची पुण्यातली केंद्रं २०१३ पासून आहेत, पण ती शहराची हवा सांगण्यासाठी मांडलेली आहेत, तुमच्या झोनची हद्द तपासण्यासाठी नाहीत. दुचाक्या आत की बाहेर हे आधी विचारा, कारण पुण्यात तो तपशील नसून अर्धा विषय आहे. आणि मोजणी घोषणेच्या आधी सुरू करा. झोनची चर्चा वर्तमानपत्रात आली की तुमची ‘आधी’ची स्थिती बिघडायला लागली असं समजा. हवेचं यंत्र महाग पडत असेल तर निदान चौकात उभं राहून गाड्या मोजा. कुठली गाडी, कुठलं इंधन, नंबरप्लेटवरून साधारण किती जुनी. लंडनची गोष्ट आज आपण एवढी उलगडू शकतो ती ३९ आणि ६१ हे दोन आकडे कोणीतरी वेळेत मोजून ठेवले म्हणून. मला विचाराल तर दोन्ही बाजूंच्या भांडणात सगळ्यात मोलाचा डेटा तोच, आणि त्याला ना फॅन्सी मॉडेल लागलं ना सुपरकंप्युटर. अर्थात गाड्यांची टक्केवारी म्हणजे धुराची टक्केवारी नव्हे, एक जुना ट्रक दहा गाड्यांना भारी पडतो. त्यामुळे चौकातल्या वहीत वाहनाचा प्रकार लिहायला विसरू नका.

मा, ग्रॅहम आणि स्टेटलर यांचा पेपर फुकट वाचायला मिळतो, जर्नल ओपन ॲक्सेस आहे. तो उघडाल तेव्हा आधी गोषवारा सोडून द्या आणि आकृत्यांवर जा. प्रत्येक केंद्राची रेष २०१९ च्या आधी कुठे चालली होती ते बोटानं मागे मागे जाऊन बघा. मग एका कागदावर लिहा की तुम्हाला स्वतःला पायरी दिसते की उतार. त्यानंतरच निष्कर्षाचा परिच्छेद वाचा. तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आलं तर खाली कॉमेंटमध्ये भांडायला या, फक्त केंद्राचं नाव आणि कालावधी लिहा.